दुसऱ्या पायरीवरचे पाच लिटर

बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्याच्या शेडमध्ये, हायड्रॉलिक प्रेसच्या शेजारच्या खांबाला, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद तारेने बांधून ठेवला आहे. पिशवीच्या कडा तेलाने पिवळ्या पडल्या आहेत, आणि वाचताना कामगार जिथे अंगठा टेकवतात तिथे एक काळा डाग कायमचा बसला आहे. प्रेसच्या पॉवर पॅकमधले (म्हणजे टाकी, पंप आणि मोटर यांच्या संचातले) तेल कसे बदलायचे याच्या अकरा पायऱ्या त्या कागदावर मराठीत लिहिल्या आहेत, आणि त्या मी लिहिल्या आहेत. यंत्रांच्या सूचना, देखभालीचे तक्ते, धोक्याच्या पाट्या आणि माहितीपुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणणे हे माझे गेल्या सोळा वर्षांचे काम आहे. विरामचिन्हाचे खरे मोल मला कळले ते त्या खांबावरच्या कागदाच्या पहिल्या आवृत्तीमुळे.

त्या आवृत्तीत दुसरी पायरी मी अशी लिहिली होती : ‘२. ५ लिटर तेल घाला.’ दोनचा अंक पायरीचा, त्यापुढचे टिंब त्या अंकाचे, मग एक मोकळी जागा आणि मग तेलाचे माप. मजकूर एका पानात बसावा म्हणून अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाने अंकांपुढच्या मोकळ्या जागा काढून टाकल्या. सगळ्याच ओळींतल्या काढल्या, त्यामुळे पान अगदी नीटनेटके दिसत होते. ‘१.टाकी कोरड्या कापडाने पुसून घ्या.’ त्याखाली ‘२.५ लिटर तेल घाला.’ त्याखाली ‘३.झाकण बसवून मोटर सुरू करा.’ हे मुद्रित माझ्याकडे तपासायला आले, मी ते दोनदा वाचले आणि खाली सही केली. मला तिथे पाचच लिटर दिसत होते, कारण मी पाचच लिहिले होते, आणि स्वतः लिहिलेले वाचताना डोळा कागदावरचे न वाचता मनातलेच वाचत असतो.

आयटीआय करून नव्यानेच कामाला लागलेल्या एका मुलाने त्या कागदाप्रमाणे अडीच लिटर तेल मोजून घातले. पाच लिटरच्या टाकीत अडीच लिटर तेल आले की तळाशी असलेली जाळी पुरती बुडत नाही, पंप तेलाबरोबर हवा ओढू लागतो, आणि आत कुणी खडे टाकल्यासारखा आवाज येतो. शेडच्या दुसऱ्या टोकाला काम करणाऱ्या एका जुन्या फिटरमामांनी तो आवाज ओळखला आणि धावत येऊन स्टार्टरचे लाल बटण दाबले. पंप वाचला. कुणाला इजा झाली नाही. दोन दिवसांनी मी तिथे गेले तेव्हा तो मुलगा मान खाली घालून उभा होता आणि मामा मला कागद दाखवत होते.

“पोराची काय चूक न्हाई ताई,” ते म्हणाले. “त्यानं वाचलं तसंच केलं की.”

मामांनी रागाने एक शब्द उच्चारला नाही, आणि त्यामुळेच तो प्रसंग माझ्या मनातून गेला नाही. घरी येऊन मी ती ओळ पुन्हा पुन्हा पाहिली. अक्षरजुळणीच्या मुलाने मोकळी जागा काढली हे खरे, पण एका मोकळ्या जागेवर पंपाचे आयुष्य टांगून ठेवले होते ते मी. इंग्रजीच्या शैलीपुस्तिकांत एक जुना नियम आहे की वाक्याची सुरुवात अंकाने करू नये. तो नियम मी वाचलेला होता, पण तो डौलासाठी केलेला असावा अशी माझी समजूत होती आणि मराठीत त्याचे काही काम नाही असे मी गृहीत धरले होते. ‘टाकीत ५ लिटर तेल घाला’ असे लिहिले असते, म्हणजे केवळ एक शब्द अंकाच्या आधी आणून बसवला असता, तर टिंब आणि पाच कधी शेजारी आलेच नसते. मराठी वाक्यात शब्द पुढेमागे हलवायला इतकी मोकळीक असते की ही चूक टाळायला विरामचिन्हाची गरजही नव्हती.

शाळेत आम्हाला विरामचिन्हे श्वासाच्या हिशेबाने शिकवली गेली. बेळगाव जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या मराठी शाळेत आमचे गुरुजी फळ्याजवळ उभे राहून टाळ्या वाजवत असत : स्वल्पविरामाला एक टाळी थांबायचे, अर्धविरामाला दोन, पूर्णविरामाला चार. प्रकट वाचनाच्या तासाला ही पद्धत सुंदर होती आणि आजही मी कविता वाचते ती त्या टाळ्यांच्या तालावरच. पण प्रेसजवळ उभा असलेला माणूस प्रकट वाचन करत नसतो. त्याच्या एका हातात पाना असतो, दुसऱ्या हाताचे बोट ओळीवर असते, आणि एक तुकडा वाचून तो तुकडा करायचा, मग परत येऊन बोट ठेवले होते ती जागा शोधायची, अशा रीतीने तो वाचतो. त्याच्यासाठी विरामचिन्ह म्हणजे आता कागदावरून नजर उचलून यंत्राकडे वळायला हरकत नाही, अशी परवानगी असते. ती चुकीच्या जागी मिळाली की हात चुकीच्या वेळी चालतो.

हे लक्षात आल्यावर मी मराठीतल्या विरामचिन्हांचा माग काढू लागले. आज आपण वापरतो ती बहुतेक चिन्हे इंग्रजीच्या वाटेने आली. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून ती मराठीला समजावून दिली. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या कामातही कँडी यांचा मोठा वाटा होता. पुढे लेखनाचे नियम ठरले. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. पण ते १८ नियम अनुस्वारांचे, ऱ्हस्व-दीर्घाचे आणि काही किरकोळ रूपांचे आहेत. पायरीच्या अंकापुढे टिंब द्यावे की कंस, एककाच्या आधी जागा सोडावी की नाही, धोक्याच्या सूचनेत उद्गारचिन्ह किती वेळा यावे, हे त्यांत नाही. ते नियम साहित्याच्या आणि शासनव्यवहाराच्या लेखनासाठी होते, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. यंत्राशेजारच्या मराठीला मात्र स्वतःचे नियम स्वतःच करावे लागतात, आणि आमच्या भागात ते एकेका कागदावर, एकेका चुकीनंतर तयार होत आहेत.

कँडींच्या आधी मराठी माणूस संदिग्धता कशी टाळत होता, याचे उत्तर मला माझ्याच घरात मिळाले. खानापूर तालुक्यातल्या आमच्या जुन्या जमिनीचा एक मोडीतला कागद आजोबांच्या ट्रंकेत होता. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांकडून तो वाचून घेतला तेव्हा मी शेजारी बसून होते. आधी पानभर रेघा ओढून घेतलेल्या, त्या रेघांखाली अक्षरांची अखंड माळ, शब्द तोडलेले नाहीत, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. तरीही शेताच्या चारही बाजू कुठे संपतात याबद्दल त्या कागदात तीळमात्र शंका नव्हती. ‘पूर्वेस’, ‘पश्चिमेस’, ‘दक्षिणेस’, ‘उत्तरेस’ हे शब्दच कुंपणाच्या खांबांसारखे उभे होते, आणि ‘येणेप्रमाणे’ आले की यादी मिटली हे वाचणाऱ्याला कळत होते. रक्कम आधी अंकात आणि लगेच ‘अक्षरी’ असे म्हणून शब्दांत लिहिलेली होती. एखादा अंक पुसला गेला, कुणी त्यात शून्य वाढवले, किंवा कागदावर वाळवी लागली, तरी रक्कम दोनदा सांगितलेली असल्यामुळे ती जागची हलत नव्हती.

जुन्या पत्रांच्या शेवटी मजकूर संपल्याची मुद्रा असे हे मला पुस्तकातून माहीत होते. शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असा शिक्का उमटवत, आणि पुढे ‘लेखनसीमा’ हा शब्दच त्या अर्थाने आला. त्या दिवशी प्रथमच मला त्याचा अर्थ माझ्या कामाच्या बाजूने कळला. बोटभर रुंदीचा तो शिक्का हे एक विरामचिन्हच होते, मजकूर इथे संपला आणि यापुढे कुणी काही जोडले तर ते खोटे समजावे असे सांगणारे. आपल्या कागदांवर रकमेनंतर आपण आजही तिरपी रेघ आणि आडवी रेघ ओढतो, ती त्याच सावधगिरीची आठवण आहे.

त्यानंतर मी माझे सगळे जुने कागद काढून बसले आणि एकेका वाक्याला एकच प्रश्न विचारू लागले : यातले टिंब पुसले गेले, तर वाक्य उभे राहील का? हा प्रश्न कल्पनेतला नव्हता. शेडमध्ये लागणारा कागद हा मूळ कागद कधीच नसतो. तो झेरॉक्सची झेरॉक्स असतो. प्रत्येक प्रतीत बारीक टिंबे गळतात आणि काचेवरच्या धुळीची नवी टिंबे उमटतात. स्वल्पविरामाचे शेपूट जाते आणि त्याचा पूर्णविराम होतो. दशांशचिन्ह तर इतके लहान असते की तेलाचा एक शिंतोडा ते पुसूही शकतो आणि निर्माणही करू शकतो. औषधांच्या चिठ्ठ्यांबाबत ‘.५’ असे न लिहिता ‘०.५’ असे लिहावे, आणि ‘५.०’ असे न लिहिता नुसते ‘५’ लिहावे, हा जो दंडक आहे तो याच भीतीपोटी आहे, आणि तेलाच्या मापाला तो तितकाच लागू पडतो. यंत्रावर घडवायच्या भागाच्या मापाला मात्र तो सरसकट लावता येत नाही, कारण अनेक रेखांकनांत ‘२५’ आणि ‘२५.००’ यांतल्या शून्यांवरून लेथवरच्या माणसाला माप किती बारीक धरायचे ते कळते. एकाच शेडमध्ये दहा पावलांच्या अंतरावर एकच शून्य एका ठिकाणी धोका असते आणि दुसऱ्या ठिकाणी माहिती असते.

टिंबांपेक्षाही अधिक वेळ मला एका शब्दाने घेतला. तो शब्द म्हणजे ‘उघडा’. मराठीत ‘उघडा’ ही आज्ञा आहे आणि ‘उघडा’ हे विशेषणही आहे. ड्रेन व्हॉल्व्ह म्हणजे टाकीतले तेल बाहेर सोडायची झडप. ‘ड्रेन व्हॉल्व्ह उघडा असल्यास बंद करा’ हे वाक्य टेबलाशी बसून वाचणाऱ्याला अगदी निर्दोष वाटते. पण बोट ठेवून वाचणारा माणूस ‘ड्रेन व्हॉल्व्ह उघडा’ इथपर्यंत येतो तेव्हा त्याच्यापुढे एक संपूर्ण आज्ञा उभी असते, आणि ओळ नेमकी तिथेच तुटली असेल तर पुढच्या ओळीतले ‘असल्यास’ दिसायच्या आत त्याचा हात चाकावर गेलेला असतो. इथे स्वल्पविराम घालता येत नाही, कारण मराठीच्या रचनेत तिथे त्याला जागाच नाही. मग मी ठरवले की माझ्या कोणत्याही कागदात ‘उघडा’ हा शब्द केवळ आज्ञेसाठी येईल आणि स्थितीसाठी नेहमी ‘खुला’ येईल. ‘ड्रेन व्हॉल्व्ह खुला असल्यास बंद करा.’ हा निर्णय अतिशय लहान आहे, पण तो घ्यायला मला एक आख्खा पावसाळा लागला, कारण ‘खुला व्हॉल्व्ह’ हे कानाला आधी परके वाटत होते. मामांना विचारले तेव्हा ते म्हणाले की आम्ही तर ‘वाल खुल्ला हाय’ असेच म्हणतो. शब्द त्यांच्याकडे होता, माझ्याच लेखणीत तो नव्हता.

तसाच प्रश्न नकाराचा आहे. मराठीत नकार वाक्याच्या अगदी टोकाला येतो. ‘मोटर चालू असताना टाकीचे झाकण काढून जाळी साफ करू नका’ या वाक्यात शेवटच्या दोन अक्षरांपर्यंत जाळी साफ करण्याचाच मार्ग सांगितलेला आहे. कानडीतही तसेच आहे, ‘माडबेडि’ मधला नकार क्रियापदाच्या मागे येतो, त्यामुळे सीमेच्या या बाजूच्या दोन्ही भाषांच्या वाचकांना हा धोका सारखाच आहे. इंग्रजीतला नकार वाक्याच्या दाराशीच उभा असतो, म्हणून इंग्रजी सूचना लांब झाली तरी चालते, आणि तीच लांबी जशीच्या तशी मराठीत आणली की सूचना उलटी वाचली जाण्याची भीती निर्माण होते. यावर मराठीचाच एक जुना उपाय आहे. आपली आई लहानपणी ‘चुकूनसुद्धा विहिरीकडे जाऊ नकोस’ असे म्हणायची, त्यातले ‘चुकूनसुद्धा’ हे पुढे येणाऱ्या नकाराची वर्दी देते. ‘कधीही’, ‘मुळीच’, ‘चुकूनही’ हे शब्द वाक्याच्या सुरुवातीला आले की वाचणारा आधीच थबकतो. ‘चुकूनही, मोटर चालू असताना, झाकण काढू नका.’ त्यातले दोन स्वल्पविराम व्याकरणाच्या दृष्टीने थोडे जास्तच आहेत हे मला मान्य आहे, पण मी ते काढणार नाही.

उद्गारचिन्हांविषयी मी फार बोलणार नाही. तीन उद्गारचिन्हे दिलेली पाटी एका उद्गारचिन्हाच्या पाटीपेक्षा कमी वाचली जाते, एवढेच माझ्या पाहण्यात आहे. त्यापेक्षा शब्दांची पायरी महत्त्वाची आहे. इंग्रजी सुरक्षा-संकेतांत जीव जाईलच किंवा गंभीर इजा होईलच तिथे एक शब्द, तसे होऊ शकेल तिथे दुसरा, आणि किरकोळ इजेचा संभव असेल तिथे तिसरा, अशी ठरलेली उतरंड आहे. मराठी कागदांत या तिन्ही ठिकाणी ‘सावधान’ लिहिलेले मी पाहिले आहे. मी त्यांच्यासाठी ‘धोका’, ‘इशारा’ आणि ‘खबरदारी’ हे शब्द याच क्रमाने वापरते आणि एकाची जागा दुसऱ्याला कधी देत नाही. आमच्याकडे विजेच्या खांबांवर कानडीत ‘अपाय’ लिहिलेले असते आणि कानडीत त्याचा अर्थ सरळ धोका असा आहे. मराठीत ‘अपाय’ म्हणजे इजा, नुकसान, म्हणजे बराच सौम्य शब्द. दोन्ही भाषांत जसाच्या तसा सापडणारा हा शब्द घाईत अनुवाद करताना फसवतो, आणि सीमेवर राहणाऱ्या माणसाने त्याच्याबाबतीत अधिकच जपून राहिले पाहिजे.

विसर्ग आणि अपूर्णविराम यांचे भांडण तर खास देवनागरीचे आहे. दोघांचे रूप वरखाली दोन टिंबांचे, पण विसर्ग हा अक्षराचा भाग आहे आणि अपूर्णविराम हे वेगळे चिन्ह आहे. ‘स्वतः’ आणि ‘अंशतः’ या शब्दांत कळफलकावरचा अपूर्णविराम दाबून काम भागवण्याची सवय अनेकांना असते. डोळ्याला फरक दिसत नाही, पण संगणकाला तो दिसतो : शब्द शोधला तर सापडत नाही, आणि कधी ओळ शब्दाच्या मध्येच तुटते. उलट बाजूने ‘दाब:’ असे चिकटवून लिहिले की ते ‘दाबः’ असे संस्कृत प्रथमेचे रूप वाटते. मराठी छपाईत अपूर्णविरामाच्या आधी थोडी जागा सोडण्याची जी रीत आहे ती यासाठीच आहे, आणि इंग्रजीत अशी जागा सोडत नाहीत म्हणून ती चूक समजून काढून टाकणाऱ्यांना मी दरवेळी हे समजावून सांगते. याही लेखात मी ती जागा सोडली आहे.

मापांच्या बाबतीत मराठीकडे एक असा शब्द आहे की ज्याचा मला फार अभिमान वाटतो. तो म्हणजे ‘ते’. इंग्रजी कागदांत दोन मर्यादांमध्ये आडवी रेघ घालतात आणि ती रेघ कधी वजाबाकीची, कधी ऋण चिन्हाची वाटते. ओतकामाच्या एका तक्त्यात ‘१३५०-१४००’ असे अंश सेल्सिअसमध्ये लिहिलेले होते, आणि नवा मुलगा ते दोन वेगवेगळ्या लॅडलची, म्हणजे वितळलेला धातू ओतायच्या भांड्यांची, तापमाने समजला. ‘१३५० ते १४०० अंश’ असे लिहिले की कोणतेही चिन्ह लागत नाही आणि झेरॉक्समध्ये काही गळतही नाही. एककांच्या संक्षेपातली टिंबे मी हळूहळू सोडली आहेत. आंतरराष्ट्रीय पद्धतीत एककाची चिन्हे हे संक्षेप नसतात, म्हणून त्यांना टिंब नसते आणि अंक व चिन्ह यांच्यामध्ये जागा असते. ‘मि.मी.’ असे लिहिल्यावर शेवटचे टिंब संक्षेपाचे की वाक्याचे हे कळत नाही, म्हणून मी ‘मिमी’ लिहिते. दोन मापे शेजारी येऊ देत नाही : ‘४ १२ मिमी बोल्ट’ असे न लिहिता ‘१२ मिमीचे चार बोल्ट’ असे लिहिते. आणि गेजवर ज्या लिपीचे अंक असतील त्याच लिपीचे अंक कागदावर ठेवते, कारण देवनागरी चार घाईत इंग्रजी आठासारखा आणि देवनागरी एक इंग्रजी नवासारखा दिसतो, आणि ज्या गावात बसवरचे अंक कानडीत, बिलावरचे इंग्रजीत आणि पंचांगातले देवनागरीत आहेत तिथे डोळ्याला रोज तीन वेळा रूळ बदलावा लागतो. कानडीत अनुस्वार आणि शून्य दोन्ही सारख्याच गोल वर्तुळाने लिहितात, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

कळले ते माझ्या कानडी सहकाऱ्यामुळे. एका पंपाच्या पुस्तिकेचा मराठी भाग माझ्याकडे आणि कानडी भाग बैलहोंगलच्या एका तरुण अनुवादकाकडे होता. आकृती दोघांना एकच. तिच्यातल्या भागांना मी मराठी रिवाजाप्रमाणे अ, ब, क, ड अशी नावे दिली होती आणि त्याने कानडी वर्णमालेप्रमाणे अ, आ, इ, ई अशी. दोन्ही मजकूर आमनेसामनेच्या पानांवर छापायचे होते. तो माझ्या टेबलाशी आला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून म्हणाला, “अक्का, तुमचा ‘ब’ म्हणजे माझा ‘आ’. फिटरानं कुठलं बोल्ट सोडायचं?” आम्ही दोघांनी मिळून अक्षरे काढून टाकली आणि वर्तुळातले अंक घातले. मग त्याच बैठकीत व्हॉल्व्हचे माझे लेखन तपासले तर एका पुस्तिकेत ते तीन प्रकारांनी झालेले निघाले : ‘व्हॉल्व्ह’, ‘वॉल्व्ह’ आणि ‘व्हाल्व’. वाचणारा मुलगा हे तीन वेगळे भाग समजला तर त्याला दोष देण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. साहित्यात एकच शब्द पुन्हा आला की लेखक त्याला पर्याय शोधतो आणि वाचकाला ते आवडते. आमच्या कामात पहिल्या पानावर जे नाव ठेवले तेच शेवटच्या पानावर, एका वेलांटीचाही फरक न करता, राहिले पाहिजे.

क्रियापदाच्या रूपांबद्दलही तेव्हापासून मी कडक झाले आहे. ‘करा’, ‘करावे’ आणि ‘करणे’ ही तिन्ही रूपे आपण सरमिसळ वापरतो, पण मानकांच्या भाषेत अनिवार्य आणि शिफारस यांत जो फरक धरतात तो मराठीत या रूपांनीच दाखवता येतो. शीर्षकाला ‘तेल बदलणे’, पायरीला ‘तेल बदला’ आणि शिफारशीला ‘तेल सकाळी बदलावे’ अशी वाटणी मी केली आहे. ‘बदलण्यात यावे’ हे रूप मी वापरत नाही. त्यात बदलणारा माणूसच दिसत नाही, आणि यंत्राजवळ तर तोच उभा असतो.

खांबावरचा कागद आता नवा आहे. पायरीच्या अंकापुढे टिंबाऐवजी कंस आहे. दुसरी पायरी अशी आहे : ‘२) टाकीत ५ लिटर (अक्षरी पाच लिटर) तेल घाला.’ शेवटच्या पायरीखाली पानभर रुंदीची एक रेघ ओढली आहे आणि तिच्याखाली ‘सूचना समाप्त. एकूण पायऱ्या ११.’ असे लिहिले आहे, म्हणजे प्रत काढताना खालची बाजू कापली गेली तर वाचणाऱ्याला ते कळेल. ‘अक्षरी’ हा शब्द पाहून कारखान्यातल्या एका साहेबांनी हे बँकेच्या चेकासारखे दिसते असे म्हटले होते, आणि मी त्यांना ट्रंकेतल्या कागदाची गोष्ट सांगितली होती.

गेल्या महिन्यात दुसऱ्याच कामासाठी मी त्या शेडमध्ये गेले. मामा निवृत्त होऊन गावी गेले आहेत. प्रेसवर आता तोच मुलगा आहे, आणि त्याच्या हाताखाली एक नवा पोरगा आला आहे. दोघे पॉवर पॅकपाशी बसले होते. खांबावरचा कागद त्यांनी पिशवीतून काढून टाकीवर पसरला होता आणि ती मूळ कागदाची तिसरी की चौथी झेरॉक्स असावी, कारण दोनच्या पुढचा कंस अर्धा पुसला गेला होता. नव्या पोराने ओळीवर बोट ठेवले आणि तो शाळेत धडा वाचतात तसा मोठ्याने वाचू लागला. “टाकीत पाच लिटर, अक्षरी पाच लिटर, तेल घाला.” त्याने ‘अक्षरी’ हा शब्दही वाचला, आणि मग मापाचे भांडे उचलले.